काचेवरचे क्षितिज

'क्षण' हा विषय संपादकांनी या वर्षीच्या अंकासाठी मुक्रर केला, तेव्हा कवी, चित्रकार आणि गवई यांच्या वाट्याला त्यातील रसाळ भाग आधीच गेला असणार हे ओळखून मी एक रुक्ष वाटणारा क्षण मागून घेतला. विमान चालविणाऱ्याने समोरच्या यंत्राकडे पाहावे, पाहिलेल्याचा अर्थ लावावा आणि हाताला हुकूम द्यावा, एवढ्या व्यवहाराला लागणारा तो क्षण. तो कधी अर्ध्या सेकंदात आटोपतो, कधी सात सेकंद घेतो. आणि त्याची लांबी वैमानिकाच्या अनुभवावर जितकी अवलंबून असते तितकीच, माझ्या मते काही प्रसंगी अधिकच, समोरची तबकडी कोणी आणि कशी आखली यावर अवलंबून असते. या विषयाला मुंबईत एक जागा आहे, आणि ती वांद्र्याच्या किनाऱ्यापासून फार दूर नाही.

एकशे एक सेकंद

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ जातीचे विमान सांताक्रूझच्या धावपट्टीवरून दुबईकडे जाण्यास उठले आणि पश्चिमेकडे समुद्रावर गेले. सांताक्रूझहून त्या दिशेने उठणाऱ्या विमानाच्या पुढ्यात रात्री काय असते, हे जुहूच्या वाळूवर उभे राहूनही समजते: मागे नगरीचे दिवे, पुढे काळे पाणी आणि काळे आकाश, आणि त्या दोहोंना विभागणारी रेषा कोठेच नाही. किंचित उजवीकडे वळण घेऊन विमान पुन्हा सरळ झाले; परंतु कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज त्या उजव्या कलावरच अडकून राहिले. विमान अद्याप उजवीकडे झुकलेले आहे अशा समजुतीने कप्तानाने ते डावीकडे वळविले. तबकडीवरचा कल हटेना म्हणून आणखी वळविले. आणि प्रत्यक्षात सरळ असलेले ते अवाढव्य विमान डाव्या कुशीवर कलंडत, नव्वद अंशांची मर्यादा ओलांडून समुद्रात कोसळले. जमीन सोडल्यापासून एकशे एक सेकंद झाले होते. विमानातील २१३ माणसांपैकी एकही वाचला नाही.

डोळ्यांना क्षितिज दिसत नसेल तर माणसाचा तोल त्याच्या अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांच्या हवाली होतो, आणि या नलिकांचा कारभार मोठा बेभरवशाचा आहे. वळणाचा आरंभ हळुवार असेल तर त्यांतील द्रव हलतच नाही आणि वळणाची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही; वळण बराच वेळ चालू राहिले तर ते थांबल्याची ग्वाही त्या देतात. आपण सरळ बसलो आहोत अशी पक्की खात्री असलेला वैमानिक त्याच वेळी सत्तर अंशांत कललेला असू शकतो. म्हणूनच ढगांत आणि रात्री शरीराची साक्ष अग्राह्य धरावी व तबकडीची प्रमाण मानावी, हा वैमानिकांच्या शिक्षणातील पहिला दस्तूर आहे. त्या रात्री कप्तानाने दस्तुरानुसारच वर्तन केले, आणि साक्षीदार मात्र खोटा निघाला.

त्या विमानात क्षितिजे तीन होती: एक कप्तानापुढे, एक सहवैमानिकापुढे आणि एक राखीव. ती परस्परांशी ताडून पाहिली असती तर खरे-खोटे निवडता आले असते, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमानातील अभियंत्याने अखेरच्या चार-पाच सेकंदांत 'त्याच्यावर जाऊ नका' असा इशारा दिल्याची नोंदही ध्वनिमुद्रणात सापडली. अमेरिकेतील न्यायालयाने १९८५ साली यंत्राच्या निर्मात्यांवरील आरोप फेटाळून लावले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. मला पडलेला प्रश्न कायद्याचा नाही. तीन क्षितिजांपैकी दोन एक सांगतात आणि तिसरे भलतेच सांगते, हे ओळखण्यासाठी नजरेला एकीकडून दुसरीकडे जावे लागते, दोन चित्रे मनात ठेवावी लागतात आणि मग आपल्याच डोळ्यांपुढच्या यंत्रावर अविश्वासाचा ठराव करावा लागतो. आणि बिघडलेले क्षितिज तर बिघडल्याची दवंडी न पिटता शांतपणे चुकीचे उत्तर देत राहते. एवढ्या कामाला किती सेकंद लागतात, आणि ते हाताशी होते काय?

कोण हलते?

कृत्रिम क्षितिजाची कहाणी १९२९ पासून सांगतात. त्या वर्षी २४ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी, बाहेरचे काही दिसू नये म्हणून आपल्या आसनावर आच्छादन ओढून घेऊन, केवळ यंत्रांकडे पाहत विमान उडविले, फिरविले आणि उतरविले. त्यांच्यापुढे स्पेरी यांनी घडविलेले क्षितिज होते. त्या तबकडीत विमानाचे लहानसे चिन्ह स्थिर असते आणि त्याच्या मागची क्षितिजरेषा कलते, कारण खिडकीतून पाहणाऱ्यालाही तेच दिसते: स्वतः बसलेली जागा स्थिर, आणि जग वाकडे झालेले. तर्क निर्दोष आहे. अडचण एवढीच, की विमान उजवीकडे कलले की रेषा डावीकडे कलते, आणि घाबरलेला डोळा हलणाऱ्या वस्तूलाच विमान समजून बसतो. मग हात उलट्या दिशेला जातो आणि संकट दुपटीने वाढते.

रशियन अभियंत्यांनी याच प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. त्यांच्या तबकडीवर डाव्या-उजव्या कलापुरती रेषा आडवीच राहते आणि विमानाचे चिन्ह झुकते. वैमानिक जणू आपल्याच विमानाकडे मागून पाहत असतो. मिग-२१ बांधण्यासाठी १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा हे रशियन क्षितिज महाराष्ट्राच्या भूमीवरही आले. दोन्ही पद्धतींचे कैवारी आहेत आणि दोहोंच्या बाजूने प्रयोगही झाले आहेत; माझा कल, नवशिक्याच्या चुका कोठे कमी होतात एवढाच विचार केला तर, रशियनांकडे झुकतो. पण खरा धोका या किंवा त्या पद्धतीत नसून एकीतून दुसरीत जाण्यात आहे. १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियातील पर्म येथे बोइंग ७३७ जातीचे विमान रात्री ढगांत उलटून ८८ माणसे मरण पावली. त्या कप्तानाची बहुतेक उड्डाणे सोव्हिएत विमानांवर झाली होती, आणि पाश्चात्त्य क्षितिजाची तालीम त्याला अपुरी मिळाली होती असे चौकशीने नमूद केले. त्याच्या शरीरात मद्यांश सापडला, दोन इंजिनांच्या जोरात तफावत होती, अशी इतरही कारणे त्या अहवालात आहेत. तरी जी सवय हाताला वर्षानुवर्षे लागली ती दमलेल्या, गोंधळलेल्या क्षणी परत उसळून येते, आणि तबकडी बदलली आहे याचे तिला भान नसते, हे विसरता येत नाही.

तीन काट्यांचे कोडे

क्षितिजाच्या उजव्या हाताला उंचीमापक असतो, आणि या उंचीमापकाने जितक्या सज्जनांचा घात केला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या तबकडीने केला असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रचारात असलेल्या उंचीमापकाला घड्याळासारखे तीन काटे असत: एक शेकडा फुटांचा, दुसरा हजारांचा, तिसरा दहा हजारांचा. घड्याळात तास चुकला तर खिडकीबाहेरचे ऊन ती चूक दुरुस्त करते. येथे सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत बारीक, सर्वांत मंद काट्याकडे सोपविलेला, आणि तो कधी मोठ्या काट्याखाली दडलेला असे.

युद्ध संपता संपता ओहायो राज्यातील डेटनजवळच्या राइट फील्ड येथे अमेरिकी हवाई सैन्याच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांना एक साधी पृच्छा केली: यंत्र वाचताना तुम्ही स्वतः किंवा तुमच्या समक्ष दुसऱ्या कोणी काय चूक केली, ते सांगा. अशा २७० प्रसंगांचे टिपण त्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले, आणि 'वैमानिकाची चूक' हे शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातले. या दोन चिन्हांत एका शास्त्राचा जन्म आहे असे मला वाटते. चुका यदृच्छेने होत नव्हत्या. त्याच तबकड्यांपाशी, त्याच तऱ्हेने, कुशल माणसांकडूनही त्याच होत होत्या. १९४९ साली वॉल्टर ग्रेदर यांनी उंचीमापकांचे निरनिराळे नमुने वैमानिकांपुढे ठेवून वेळ मोजला. तीन काट्यांचा मापक वाचण्यास सरासरी सात सेकंद लागले, आणि दहांतून एकाहून अधिक वेळा उत्तर हजार फूट किंवा त्याहून अधिक चुकले. ज्या नमुन्यात सरळ आकडेच फिरत होते, तो दोन सेकंदांच्या आत वाचला गेला आणि चुका जवळजवळ नाहीशा झाल्या.

हे ठाऊक झाल्यावर तीन काट्यांची तबकडी निकालात निघाली असेल, असे वाचकांस वाटेल. ती निघाली नाही. २४ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, हर्नच्या परिसरात, ब्रिस्टल ब्रिटानिया जातीचे एक विमान चाचणी-उड्डाण संपवून धुक्यात खाली येत होते. उंची अकरा हजार पाचशे फूट आहे असे वैमानिकांनी वाचले. ती एक हजार पाचशे होती. विमान जमिनीला भिडले आणि बारांपैकी नऊ जण गेले. त्याच वर्षी एप्रिलात स्कॉटलंडमधील प्रेस्टविकजवळ एका व्हायकाउंट विमानाने दहा हजार फुटांची हीच गफलत केली होती. शास्त्रज्ञांचा अहवाल दप्तरात पडून राहणे आणि यंत्रे कारखान्यांतून पूर्वीच्याच मसुद्याप्रमाणे बाहेर पडत राहणे, हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे, एवढेच समाधान.

सिममध्ये

मुंबईतील एका प्रशिक्षण केंद्रात, ज्याला तेथील सारेजण नुसते 'सिम' म्हणतात, त्या सिम्युलेटरच्या मागल्या आसनावर बसण्याची परवानगी मला एका निवृत्त कप्तानांच्या ओळखीने मिळाली. बाहेरून ती एक पांढरी पेटी आहे, लोखंडी पायांवर उभी. आत शिरून दार लोटले की तीच एअरबस ए-३२० होते. समोर गोल तबकड्यांचा मागमूस नाही, चौकोनी काचा आहेत. परंतु काचेवरचे चित्र पाहताच जुनी मांडणी ओळखू येते: मधोमध क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. राइट फील्डच्या त्याच मंडळींनी पुढे वैमानिकांच्या डोळ्यांचे चित्रीकरण करून, नजर कोणत्या तबकडीवरून कोणत्या तबकडीकडे वारंवार जाते ते मोजले. त्या पायवाटेच्या धोरणाने मुख्य यंत्रे इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकारात बसविली गेली, आणि काटे गेले, काच आली, तरी ती मांडणी हलली नाही.

"नजर कोठेही थांबू द्यायची नाही," कप्तान मला सांगत होते. "क्षितिज, वेग, क्षितिज, उंची, क्षितिज. याला स्कॅन म्हणतात. माणूस घाबरला, की पहिल्याने हा स्कॅन मोडतो; एकाच गोष्टीवर डोळा खिळतो."

डाव्या आसनावर एक तरुण प्रशिक्षणार्थी होती. कप्तानांनी तिला मान खाली घालून डोळे मिटावयास सांगितले, विमान वेडेवाकडे केले आणि म्हणाले, "घ्या." तिने वर पाहिले. त्या निमिषात काचेवर घडलेला बदल माझ्या लक्षात आला तो मी मागे बसलो होतो म्हणून: क्षितिजाभोवतीची बरीचशी चिन्हे नाहीशी झाली होती. विमान ४५ अंशांपलीकडे कलले, किंवा नाक फार वर वा खाली गेले, की ही काच स्वतःहून अनावश्यक गोष्टी पुसून टाकते. नाक त्याहूनही वर वा खाली गेले की मोठाले लाल बाण उमटतात आणि क्षितिज कोणत्या बाजूला आहे ते दाखवितात. अर्थ लावण्याचे काम काच स्वतःकडे घेते आणि वैमानिकाकडे केवळ अनुसरण्याचे ठेवते. तिने विमान सरळ केले. किती वेळ लागला असे मी विचारले तेव्हा कप्तान हसले. "सरळ करायला नाही लागत वेळ. कोणीकडे, हे ठरवायला लागतो."

वेगाच्या पट्टीवर एक लहान पिवळा बाण वरखाली होत असतो. आणखी दहा सेकंदांनी वेग किती होईल, ते तो सांगतो. मला सबंध काचेवर हा बाण सर्वांत आवडला. जुन्या काट्याकडे पाहून अनुभवी वैमानिक मनाशी जे गणित करी, ते येथे उघड मांडलेले आहे; मात्र काट्याच्या झुकण्यावरून, आकडा न वाचता, डोळ्याच्या कोपऱ्यातून जे कळत असे ते सरकत्या पट्टीवर कळत नाही, तेथे आकडा वाचावाच लागतो. जुने वैमानिक या एका गोष्टीबद्दल हळहळतात, आणि त्यांची हळहळ निव्वळ म्हातारपणाची नव्हे.

हिरवे शब्द

काचेच्या माथ्यावर एका ओळीत काही त्रोटक शब्द असतात. विमानाचे स्वयंचलित तंत्र या घडीला कोणत्या 'मोड'मध्ये आहे, वेग कोण सांभाळतो आहे आणि उंची कोण, त्याचा तो जाहीरनामा. मोड बदलला की त्या शब्दाभोवती दहा सेकंद पांढरी चौकट उमटते आणि विरते. जागा मोक्याची, रंग हिरवा, चौकट ठसठशीत. तरीही अनुभवी वैमानिकांच्या डोळ्यांवर यंत्रे लावून झालेल्या परीक्षांत असे आढळले, की हे बदल पुष्कळदा पाहिलेच जात नाहीत. शब्द वाचावा लागतो, आणि उतरण्याच्या घाईत वाचन मागे पडते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० तेथील धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. विमान त्या वेळी अशा मोडमध्ये होते, की ज्यात इंजिने मंदावून विमान खाली सोडले जाते. उतरण्याचा वेग ठरविणारी कळ फिरवावयाची ती शेजारची उंचीची कळ फिरविली गेली असावी, असा चौकशी न्यायालयाचा तर्क होता, आणि परिस्थितीचे गांभीर्य न ओळखल्याचा ठपका त्याने वैमानिकांवर ठेवला. ठपका खोटा नाही. मात्र एक गोष्ट येथे ध्यानी घेतली पाहिजे. जुन्या विमानांत इंजिनांचा जोर आपोआप कमी झाला, तर वैमानिकाच्या तळव्याखालचा दांडा मागे सरके. ए-३२० मध्ये तो जागचा हलत नाही. जी वार्ता हाताला मिळत असे ती डोळ्याच्या खाती वर्ग झाली, आणि ते खाते आधीच तुडुंब भरलेले होते.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळच्या डोंगरावर त्याच जातीचे विमान आदळून ८७ जण मरण पावले. तेथील कळीच्या खिडकीत एकाच जागी दोन निरनिराळी परिमाणे उमटत: कोन निवडला असेल तर '-३.३' म्हणजे साडेतीन अंशांहून कमी उतार, वेग निवडला असेल तर '-३३' म्हणजे दर मिनिटाला तीन हजार तीनशे फूट. बहुधा कोनाऐवजी वेगाची निवड झाली होती. दोहोंमधील भेद एका टिंबाचा. पुढे एअरबसने ती खिडकी बदलून वेगाचा आकडा पूर्ण चार अंकी दाखविण्याची तजवीज केली. केवढा स्वस्त उपाय!

पारदर्शक काच

नजर खाली वळविण्यातच वेळ जातो, तर वेग, उंची आणि मार्ग समोरच्या पारदर्शक काचेवरच उमटवावे, म्हणजे डोळा बाहेर ठेवून सारे वाचता येईल, ही कल्पना लढाऊ विमानांतून प्रवासी विमानांत आली. तिच्याविषयी कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात झालेल्या, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा दाखला देण्याजोगा आहे. सिम्युलेटरमध्ये विमान उतरत असताना धावपट्टीवर दुसरे एक मोठे विमान आणून उभे केले. त्या काचेतून पाहणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना ते दिसलेच नाही. डोळे त्याच दिशेला होते, चित्र डोळ्यांत उतरतही होते, परंतु अवधान काचेवरच्या रेषांना जखडलेले होते. डोळा आणि लक्ष ही एकाच घरात राहणारी दोन माणसे आहेत असे आपण समजतो. त्यांचे फारसे सख्य नाही.

चार सेकंद

विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखला देताना, अमुक बिघाड झाला तर वैमानिक तो अमुक वेळात ओळखील आणि उपाय करील, असे गृहीत धरण्याचा शिरस्ता आहे. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानात विमानाचे नाक आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्रणेविषयी हे गृहीत सुमारे चार सेकंदांचे होते: एक ओळखण्यास, तीन कृतीस. २०१२ साली सिम्युलेटरमध्ये बोइंगच्याच एका चाचणी-वैमानिकाला दहा सेकंदांहून अधिक लागले होते, हे पुढे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत उघडकीस आले. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ या दोन दिवशी, इंडोनेशिया आणि इथिओपियात, मॅक्स विमाने कोसळून मिळून ३४६ माणसे गेली.

त्या दोन्ही कॉकपिटांत एका मापकाने, वाऱ्याशी विमानाचा कोन सांगणाऱ्या मापकाने, चुकीची माहिती दिली. आणि त्या एका असत्यातून अनेक इशारे एकदम निघाले. कप्तानाचे चाक थडथडू लागले, वेगाचे दोन आकडे जुळेनात, उंचीचे जुळेनात. दोन मापकांत तफावत आहे हे सरळ सांगणारा जो एक इशारा असावयास हवा, तो मॅक्समध्ये त्या कोनाचा स्वतंत्र किमतीचा दर्शक विकत घेतलेल्या विमान कंपन्यांनाच मिळत होता. हे उणे बोइंगला २०१७ पासून ठाऊक होते. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्ये नेमका हाच मुद्दा उचलला: चार सेकंदांच्या गृहीतात, एकाच वेळी एवढे इशारे वाजू लागले तर माणसाचे काय होते, याचा हिशेब धरलेलाच नव्हता.

यावर अमेरिकी काँग्रेसने २०२० अखेरीस कायदा केला: ठरावीक मुदतीनंतर मंजूर होणाऱ्या नव्या विमानांत इशाऱ्यांची क्रमवारी लावून, कोणता आधी आणि त्यावर करावयाचे काय, हे सांगणारी एकत्रित व्यवस्था पाहिजे. ए-३२० मध्ये ती १९८८ पासून आहे. ७३७ च्या मूळ आराखड्यात ती कधीच नव्हती, आणि मॅक्सच्या मंजुरी मिळावयाच्या राहिलेल्या दोन प्रकारांना ती मुदत गाठता येईना, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना सूट देण्यात आली. सुटीला दोन अटी जोडल्या. एक, त्या कोनाची शहानिशा करणारी आणखी एक गणिती व्यवस्था बसवावी. दुसरी, खोटा ठरलेला इशारा वैमानिकाला बंद करता यावा अशी सोय द्यावी, म्हणजे चाकाचे थडथडणे थांबवून त्याला पुढच्या काचेकडे पाहता येईल.